शुद्धी आणि परतीची वाट

शुद्धी व अशुद्धी ह्या कल्पना आमच्या वाचकांस परक्या नाहीत. घरात मूल जन्मले म्हणजे सोयर, मनुष्य गेला म्हणजे सुतक. त्या दिवसांत देवळाची पायरी चढावयाची नाही, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. पुजारी सोवळे नेसून गाभाऱ्यात शिरतो; कार्यारंभी पुण्याहवाचन होते; प्रतिष्ठेपूर्वी मूर्तीस जलाधिवासात ठेवतात. आमच्या गौलीगुड्याच्या तर नावातच गवळी आहे, आणि येथील राममंदिरात येणाऱ्या भाविकास पंचगव्य म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

मात्र हा विचार केवळ आपल्याच देशात उपजला, असा जो समज कित्येकांचा असतो, तो बरोबर नव्हे. कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या मुलखास जसे आपण रायचूरचा दुआब म्हणतो, तसाच तैग्रिस व युफ्रातिस ह्या दोन नद्यांचा एक दुआब आहे. ग्रीकांनी त्यास मेसोपोटेमिया म्हटले; आज तो बहुतांशी इराक देशात मोडतो. तेथील पुरोहितांनी शुद्धीचे शास्त्र मातीच्या विटांवर लिहून ठेवले. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, आणि पुढे त्यांच्याच राजधानीत बंदिवान म्हणून नेल्या गेलेल्या यहुदी लोकांनी आपले शास्त्र बायबलाच्या जुन्या करारात ग्रथित केले. ह्या दोहोंची आपल्या धर्मशास्त्राशी तुलना केली असता पुष्कळ बोध होतो.

वकिलीच्या व्यवसायात कोणताही मनाईहुकूम हाती आला की आम्ही प्रथम दोन गोष्टी पाहतो : हा हुकूम किती मुदतीचा आहे, आणि तो उठवावयाचा तर अर्ज कोठे करावयाचा? अशुद्धी हादेखील एक मनाईहुकूमच होय. तेव्हा हेच दोन प्रश्न आम्ही ह्या तिन्ही शास्त्रांस विचारणार आहोत.

प्रथम बाबिलोनचे पाहू. तेथील शुद्धिकर्म करणाऱ्या पुरोहितास आशिपु म्हणत. त्याचे दैवत एआ, म्हणजे भूमीखालच्या गोड्या पाण्याचा देव. पाणी, झाऊच्या फांद्या, क्षारयुक्त वनस्पती, धूप आणि अग्नी ही त्याची साधने. इ. स. पूर्व सातव्या शतकातील असुरबानिपाल राजाच्या निनवे येथील ग्रंथसंग्रहात 'शुर्पू' नावाच्या विधीच्या विटा सापडल्या. शुर्पू म्हणजे दहन. एखादा मनुष्य आजारी पडला, त्याचे दैव फिरले, आणि आपल्या हातून काय घडले हे त्यास उमजेना, म्हणजे हा विधी करीत. पुरोहित त्याच्या वतीने संभाव्य दोषांची लांबलचक यादी वाचून दाखवी. ह्याने बापलेकांत वितुष्ट पाडले काय? खोटा तराजू वापरला काय? शेताचा बांध सरकविला काय? आणि त्याच यादीत पुढे : शापग्रस्त माणसाच्या आसनावर हा बसला काय, त्याच्या पात्रातून पाणी प्याला काय? मग रोगी कांद्याचे एकेक पापुद्रे सोलून अग्नीत टाकी, खजुराचा घोस झोडपून टाकी, विणलेली चटई उसवून टाकी. सोललेला कांदा जसा पुन्हा मातीत रुजत नाही, तसा हा दोष पुन्हा मजकडे न येवो, असा त्यातील भाव.

ह्या यादीत नीती आणि स्पर्श ह्यांची सरमिसळ आहे. खोटा तराजू आणि उष्टे पात्र एकाच पंक्तीस बसविले आहेत. परंतु मुदतीचा प्रश्न विचारला तर उत्तर स्पष्ट मिळते. दोष कोणताही असो, तो माणसास चिकटलेला आहे. माणूस म्हणजे दोष नव्हे. पापुद्रा निघाला की माणूस मोकळा.

देवालयाची शुद्धीही बाबिलोनी लोक वर्षातून एकदा करीत. निसान महिन्यातील त्यांच्या वर्षारंभाच्या उत्सवास अकितु हे नाव होते. त्याचा जो विधिग्रंथ उपलब्ध आहे, तो ग्रीक अमलाच्या काळातील प्रतींवरून आपणांस कळतो. उत्सवाच्या पाचव्या दिवशी पुरोहित पाणी शिंपडून व धूप फिरवून देवालय शुद्ध करी. नंतर एक मेंढा मारून त्याचे धड नाबू देवाच्या गाभाऱ्यातून फिरविले जाई, म्हणजे तेथला मळ त्यात पुसून येई. ते धड नदीत फेकून देत. धड फिरविणारा व मेंढा मारणारा हे दोघे शहराबाहेर रानात जात आणि उत्सव संपून नाबू परत जाईपर्यंत बाबिलोनमध्ये पाऊल ठेवीत नसत. त्याच दिवशी मुख्य पुरोहित राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालावर चपराक मारी, आणि राजास गुडघे टेकून सांगावे लागे की मी देवाची हेळसांड केली नाही व नगरजनांवर हात उगारला नाही. मळ पुसणारा रानातून परत येई, आणि राजासही आपली चिन्हे परत मिळत. ह्या पुसण्याच्या क्रियेस बाबिलोनी भाषेत जो शब्द आहे तो कुप्पुरु. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आपल्याच कोकणात त्याच्या एका नातलगाची गाठ पडणार आहे.

मूर्तिपूजक वाचकांस आणखी एक विधी विशेष जवळचा वाटेल. नवी मूर्ती घडली की तिचे 'मुखप्रक्षालन' करीत. मूर्ती नदीकाठच्या बागेत नेऊन, वेताच्या मंडपांत बसवून, तिचे मुख मंत्रपूर्वक पुनःपुन्हा धुवीत. मग कारागिरांचे हात वस्त्राने बांधून झाऊच्या लाकडी तलवारीने ते छाटल्याचा अभिनय होई, आणि कारागीर शपथ घेत की ही मूर्ती आम्ही घडविली नाही. जलाधिवास व प्राणप्रतिष्ठा जाणणाऱ्या माणसास ह्यामागचा हेतू चटकन कळेल. बायबलातील यशायाने मात्र अशा मूर्तींची थट्टा केली आहे : एकाच लाकडाचा अर्धा भाग जाळून भाकरी भाजतात व उरलेल्या अर्ध्याचा देव करतात, असे तो म्हणतो.

इ. स. पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि अनेक यहुदी कुटुंबे बाबिलोनला नेली. बाबिलोनी विधी त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर होते. त्यांच्या शास्त्रातील लेवीय नावाच्या ग्रंथात जो वार्षिक शुद्धिदिन सांगितला आहे, त्याचे नाव योम किप्पुर. किप्पुर आणि कुप्पुरु हे एकाच धातूचे शब्द होत. विधीही सदृश आहे. महायाजक स्नान करून साधे तागाचे वस्त्र नेसतो. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकतात. एकाचा बळी देऊन त्याच्या रक्ताने पवित्रस्थान पुसले जाते. दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून याजक साऱ्या लोकांचे अपराध उच्चारतो, आणि तो बोकड रानात सोडून देतात. सोडून येणारा मनुष्य कपडे धुतो, स्नान करतो, आणि मग छावणीत परत येतो.

विधी सारखा दिसला तरी त्यामागची धारणा बदलली आहे, आणि हाच बायबलाचा विशेष. बाबिलोनी मनुष्यास अशुद्धी पुष्कळदा भुताखेतांपासून, चेटकापासून किंवा कुणाच्या शापापासून येई. लेवीय ग्रंथात अशी भुते जवळजवळ नाहीतच. तेथे अशुद्धीची कारणे मनुष्याच्या देहातच आहेत : प्रसूती, ऋतुस्राव, वीर्यस्खलन, त्वचेचा रोग, मृताचा स्पर्श. ह्यांपैकी बहुतेक गोष्टी कुणाचाच अपराध नव्हेत. मृतास मूठमाती देणे हे तर कर्तव्य. ते करणाराही सात दिवस अशुद्ध होतो, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी तांबड्या कालवडीची राख मिसळलेले पाणी शिंपडल्यावर शुद्ध होतो. मौज अशी की ती राख तयार करणारा याजक स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध असतो! जो दुसऱ्यास शुद्ध करतो तोही त्या फेऱ्यातून सुटत नाही. उलटपक्षी खून, मूर्तिपूजा व व्यभिचार ह्यांनी येणारा मळ पाण्याने जात नाही, तो देशाच्या भूमीस लागतो, असे तेथे म्हटले आहे. बाबिलोनने जी सरमिसळ केली होती ती येथे बरीचशी वेगळी करण्यात आली.

मुदत आणि अर्ज ह्या आमच्या दोन प्रश्नांस लेवीय ग्रंथ फार नेमके उत्तर देतो. ज्यास त्वचेचा विशिष्ट रोग झाला आहे (भाषांतरांत त्यास महारोग म्हटले असले तरी तो आजचा कुष्ठरोग नव्हे, असे तज्ज्ञ मानतात), त्याने छावणीबाहेर राहावे. परंतु तो बरा झाला असे कळताच याजकाने स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जावे, त्यास तपासावे. मग दोन पाखरे आणावीत. एक मारावे व एक मोकळे सोडावे. त्या मनुष्याने केस काढावेत, स्नान करावे, आणि आठव्या दिवशी मंदिराच्या दाराशी यावे. गरीब असेल तर कमी खर्चाचे अर्पण चालते. म्हणजे मुदत ठरलेली, अर्ज ऐकणारा अधिकारी ठरलेला, इतकेच नव्हे तर तो अधिकारी बाहेर टाकलेल्या माणसाकडे चालत जावयाचा.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या पिढीच्या वकिलांस विज्ञानेश्वराची मिताक्षरा ठाऊक असते ती वारसाहक्कापुरती. आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाल्यापासून तेवढीही ती कोणी फारशी उघडीत नाही. हा ग्रंथ इ. स. च्या बाराव्या शतकाच्या आरंभी चालुक्यांच्या कल्याणीस लिहिला गेला. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, जे १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होते. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका आहे, तिचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा, आणि तो सुरूच होतो आशौचाच्या प्रकरणाने. भारतरत्न पां. वा. काणे, जे स्वतः मुंबईचे नामांकित वकील होते, त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पातके, प्रायश्चित्त, आशौच, शुद्धी ह्या विषयांस त्यात मोठी जागा दिली. ह्या साऱ्या विस्तारात दिवस मोजलेले आहेत. मृताशौच ब्राह्मणास दहा दिवस, इतरांस कमीअधिक. दिवस सरले, स्नान झाले, की माणूस मोकळा.

फार काय, पतिताससुद्धा वाट आहे. महापातक करणाऱ्यास जातीबाहेर टाकताना नातलग गावाबाहेर जमत, तो मेलाच असे समजून त्याच्या नावे उदकदान करीत, आणि दासी पाण्याने भरलेला घडा पायाने उलथवून देई. हाच आपल्या घटस्फोट ह्या शब्दाचा मूळ अर्थ. नवराबायकोच्या काडीमोडीस तो पुढे लागला. परंतु मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्यापुढचा विधीही आहे. त्या मनुष्याने प्रायश्चित्त केले म्हणजे त्याच आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घडा त्यात सोडावा. जुना घडा फुटला तर नवा घडा आहे. ह्याच परंपरेच्या आधारे १६७६ मध्ये शिवछत्रपतींनी नेताजी पालकरास स्वधर्मात परत घेतले.

येथवर आपले शास्त्र बाबिलोन व बायबल ह्यांच्या बरोबरीने चालते. काही ठिकाणी तर ते अधिक उदार आहे. परंतु त्याच मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, कोणास शिवले असता स्नान करावे ह्याची एक छोटीशी यादी आहे. रजस्वला, पतित, बाळंतीण, प्रेत, प्रेतास शिवलेला, आणि ह्या सर्वांच्या आधी चांडाल. आमच्या वाचकांनी ही यादी एखाद्या दस्तऐवजासारखी बारकाईने पाहावी. रजस्वला चौथ्या दिवशी शुद्ध होते. बाळंतिणीचे दिवस मोजलेले आहेत. पतितास प्रायश्चित्त आणि नवा घडा आहे. प्रेतास अग्नी आहे. प्रेतास शिवलेल्यास स्नान आहे. चांडालास काय आहे? काही नाही. पाच नावे अवस्थांची आहेत, एक नाव जन्माचे आहे. पाच हुकुमांस मुदत आहे, सहाव्यास ती नाही व तो उठविणारे न्यायालयही नाही. जे शास्त्र महापातक्यास परत बोलावते, त्यानेच निरपराध बालकास पाळण्यातून बाहेर ठेवले. शुद्धीच्या विचारात ही एक परकी गोष्ट शिरली आहे, आणि ती यादीत इतरांच्या शेजारी बसल्यामुळे शतकानुशतके कोणाच्या नजरेस आली नाही.

हा दोष केवळ आपलाच, असे मात्र नाही. बाबिलोनच्या सीमाशिलांवर जमीन हडपणाऱ्यास शाप कोरलेले असत, की चंद्रदेवाने ह्याच्या अंगावर कोड घालावे व ह्याने रानगाढवाप्रमाणे वेशीबाहेर भटकावे. परतीची वाट नसणे ही त्यांना सुचलेली भयंकर शिक्षा. पण निदान ती गुन्हेगारास होती. यहुद्यांत हा विचार जन्माशी जोडला गेला तो बंदिवासातून परतल्यावर. एज्राने 'पवित्र बीज' परक्यांत मिसळले म्हणून शोक केला आणि परजातीच्या बायका व त्यांची मुले घालवून देण्याचा ठराव करविला. निषिद्ध संबंधातून झालेल्या संततीस दहाव्या पिढीपर्यंत समाजात घेऊ नये, असे अनुवादात म्हटले आहेच. त्याच बायबलात मवाबी रूथ ही दावीद राजाची पणजी असल्याची कथा मोठ्या प्रेमाने सांगितलेली आहे, आणि परदेशीयांसही देव आपल्या मंदिरात आणील असे आश्वासन आहे. पण एज्राचे वचनही पुसले गेले नाही.

त्या वचनाची झळ मराठी माणसांस लागली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. ते कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. मराठी ही त्यांची मातृभाषा. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते, तरी सुंता, शनिवार आणि खवले व पर नसलेली मासळी वर्ज्य करण्याचा नियम त्यांनी टिकविला. वर्षातून एक दिवस ते दारे लावून घेऊन घरात उपवास करीत. त्या सणास ते दरफाळणीचा सण म्हणत. तोच योम किप्पुर! बाबिलोनच्या पुरोहिताचा कुप्पुरु असा फिरत फिरत अलिबागच्या बंद दाराआड मराठी नाव घेऊन बसला होता.

ह्याच समाजात गोरे व काळे असे दोन भेद पडले. काळे हे मिश्र विवाहांची संतती, असे गोरे मानीत, आणि त्यांच्याशी रोटीबेटीव्यवहार ठेवीत नसत. १९४८ नंतर ह्या समाजातील बरेच लोक नव्या इस्राएल राष्ट्रात गेले. तेथे त्यांच्यापुढे तोच प्रश्न उलटून आला. तुमच्या पूर्वजांचे विवाह व घटस्फोट शास्त्रोक्त झाले होते कशावरून, अशी शंका काढून कित्येक धर्मगुरूंनी त्यांचे विवाह लावण्याचे नाकारले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने असा आदेश काढला की बेने इस्राएलांच्या विवाहाआधी त्यांच्या आईकडची मागील पिढ्यांची चौकशी करावी. ह्या लोकांनी यरुशलेमात धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व दृष्टींनी समान यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठास आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले. पिढ्यानपिढ्या दार लावून किप्पुर पाळणाऱ्यांस आपल्या शुद्धतेचा पुरावा मागितला गेला, आणि तो पुरावा कोणत्याही स्नानाने देता येण्यासारखा नव्हता.

त्याच जिल्ह्यात महाड आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले होते, आणि महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचे ठरविले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथे गेले व ते पाणी प्याले. त्यानंतर गावातील सनातन्यांनी पंचगव्याने व मंत्रांनी तळे शुद्ध करून घेतले. अन्यधर्मीयांस ज्या पाण्याची बंदी नव्हती, ते पाणी स्वधर्मीयांच्या ओंजळीने बाटले! येथे विधीचा हेतूच उलटा झाला. बाबिलोनात, यरुशलेमात, कल्याणीत शुद्धी केली जाई ती माणूस आत यावा म्हणून. महाडास पाणी शुद्ध केले ते माणूस बाहेर राहावा म्हणून. माणसास त्या विधीने काहीच दिले नाही.

ते प्रकरण न्यायालयात गेले. स्पृश्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला, की अनादि काळापासून हे तळे आमच्याच वहिवाटीचे आहे. तो दहा वर्षे चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल देऊन स्पृश्यांचे अपील फेटाळले. धर्माच्या नावाने जे शाश्वत म्हणून सांगितले गेले, ते पुराव्याच्या कसोटीस उतरले नाही, हा ह्या निकालाचा बोध होय.

हैदराबादेतही हा मनाईहुकूम कायद्यानेच उठला. राज्य भारतात विलीन झाल्यावर फसली १३५८ मध्ये, म्हणजे १९४८-४९ साली, येथे हरिजन मंदिरप्रवेशाचा व सामाजिक निर्बंध दूर करण्याचा असे दोन विनियम झाले. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता साऱ्या देशातून नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरविले; १९७६ पासून त्या कायद्यास नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने संविधानाने दिले : ज्या हुकुमास मुदत नाही व ज्यावर अर्ज चालत नाही, तो हुकूमच रद्द.

तरी कायद्याचे काम देवळाच्या दारापर्यंत चालते. आत काय चालावे हे भाविकांच्या मनावर असते. सोवळे नेसावे की नाही, सुतक किती दिवस पाळावे, ह्याबद्दल आमचा कोणाशी तंटा नाही. देवासमोर जाताना मनुष्याने हातपाय धुवावे, थोडे थांबावे, आपल्या हातून काय घडले ह्याचा विचार करावा, ही फार जुनी व फार चांगली शिकवण आहे. तिचा सांभाळ करणाऱ्या विश्वस्तांनी, पुजाऱ्यांनी व यजमानांनी प्रत्येक नियमास एकच प्रश्न विचारावा : हा नियम ज्यास बाहेर थांबवितो, त्यास तो परत केव्हा आत घेतो? ज्या नियमापाशी ह्या प्रश्नाचे उत्तर आहे तो शुद्धीचा नियम होय. त्यास आम्ही हात जोडतो. ज्यापाशी उत्तर नाही, त्यास शुद्धीचे नाव देऊ नये. छावणीबाहेर चालत जाणारा तो याजक आणि नवा घडा घेऊन तळ्यावर आलेले ते आप्त, हे दोघे आपल्याला सांगतात की शुद्ध माणसाचे पहिले कर्तव्य बाहेरच्यास आत आणणे हे आहे.